बसायची खोली

बाईंना कुणी छत्री पुढे केली की राग यायचा. "ह्याला पाऊस म्हणतात होय? इगतपुरीला या एकदा, मग बोला," असं म्हणून डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि तशाच निघायच्या. वडील तिथं रेल्वेत होते, लहानपण त्या धुक्यापावसात गेलेलं. त्यामुळे नाशिकचा पाऊस, नाशिकची थंडी आणि नाशिकची माणसं, कशालाच त्यांच्या लेखी काही दर्जा नव्हता. मग ओल्या साडीत खोकत बसायच्या. औषध घ्या म्हणावं, तर "तू डॉक्टर आहेस का?" मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकती कामाला लागलेली. मला ते फार लागायचं. आयुष्यात मला सगळ्यात जास्त छळलं कुणी, असं आज कुणी विचारलं तर मी डोळे झाकून बाईंचं नाव घेईन. आणि आता त्या गेल्या, तर दिवेलागणीला मला काही सुचत नाही, हेही खरं आहे.

आमची नोकरी म्हणजे काय होतं ते आधी सांगते. मुलांनी गुन्हेगारीकडे वळू नये म्हणून सरकारी पैशातून वस्त्यावस्त्यांत केंद्रं चालवायची एक योजना होती. नदीपलीकडे, पंचवटीच्या अंगाला आमची वस्ती. तिला एक केंद्र मिळालं. केंद्र म्हणजे विहारामागची पत्र्याची खोली, सतरंज्या, थोड्या खुर्च्या, एक कॅरम आणि चहाचं पातेलं. बाई केंद्रप्रमुख, मी अर्धवेळ समन्वयक. अहवाल लिहायचे, फोटो पाठवायचे आणि बाईंची बोलणी खायची, असं माझं काम.

बाईंची सगळी नोकरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बालगृहात गेली होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भाचीच्या आधारानं आमच्या वस्तीत येऊन राहिल्या, आणि आधार वगैरे काही लागत नाही हे भाचीला आठवड्यात कळलं.

मला कामावर घेताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी मोठ्या हौसेनं फाइल उघडली, प्रमाणपत्रं काढली. त्यांनी बघितलीसुद्धा नाहीत. "मोबाईल इकडे दे आणि तिथं बस," म्हणाल्या. बसले. पोरं आली, कॅरम खेळली, एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या, चहा प्याली, एक जण भिंतीला टेकून घोरायला लागला. मी आपली बसलेय. कुणी माझ्याकडे बघत नाही, बाई तर नाहीच नाही. शेवटी पोरं गेली. बाईंनी मोबाईल परत दिला आणि विचारलं, "कंटाळलीस?" मी खरं ते सांगितलं, हो, खूप. "मग ये उद्यापासून. ज्याला कंटाळा सोसत नाही तो पोरांना शिकवायला लागतो."

हे त्यांचं आवडतं तत्त्वज्ञान. पोरांना काही शिकवायचं नाही, समजावायचं नाही, विचारायचं तर अजिबात नाही. फक्त बसू द्यायचं. "पोरं बिघडतात कधी, सांग. संध्याकाळी. घर एवढंसं. आई चुलीशी, बहिणीचा अभ्यास, बाप पिऊन आलेला. मोठ्या पोराला म्हणतात, जरा बाहेर जा. आता बाहेर म्हणजे कुठं गं? पुलाखाली. आणि तिथं कोण असतं? त्याला एक बसायला जागा दे. बास. दुसरं काही करू नकोस, तुझ्या पाया पडते." एकदा ऑफिसनं व्याख्याता पाठवला होता, 'यशाची गुरुकिल्ली' की असलंच काहीतरी घेऊन. बाईंनी त्याला चहा दिला, बिस्कीट दिलं आणि कॅरमला बसवलं. बिचारा हरून गेला.

पोरांना त्या अहो-जाहो करायच्या. मिसरूड न फुटलेला, सायकलचोरीत सापडून आलेला पोरगा, आणि बाई त्याला म्हणणार, "या साहेब, चहा घेणार ना?" आणि खरोखरचे साहेब, म्हणजे योजनेच्या ऑफिसातले अधिकारी आले, की त्यांना "ये रे बाळा, बस." मी शरमेनं मरायचे. एकदा चिडून विचारलंच. म्हणाल्या, "अगं, ह्यांना घरात, शाळेत, चौकीत, सगळीकडे अरे-तुरेच आहे. एक तरी जागा वेगळी असू दे. आणि त्या बाळाला दिवसभर सगळे साहेब-साहेब करतात. त्यालाही जरा बदल."

फार प्रेमळ वगैरे होत्या असं कुणी समजू नये. कुणाचा वाढदिवस करायच्या नाहीत. साखरेचा डबा स्वतःजवळ धरून बसायच्या. कुणी थँक्यू म्हटलं की तोंड कडू करायच्या. पण पोरगा दोन संध्याकाळी आला नाही की त्याच्या घरी जाऊन बसायच्या. बोलायच्या काही नाहीत. बाप घरात असला की त्याची पंचाईत व्हायची. बाई समोर, पिता येत नाही आणि उठा म्हणवत नाही. सणासुदीच्या आधी खबरदारी म्हणून काही पोरांना चौकीवर नेऊन बसवत. मग बाई डबा घेऊन चौकीच्या बाकावर हजर. "तुमचं काय काम आहे मावशी?" "काम कसलं? आमचे साहेब तुमच्याकडे बसलेत, मी त्यांच्यासोबत बसलेय." हवालदार बिचारे डोक्याला हात लावायचे आणि पोरांना जरा लवकर सोडायचे.

आणि तो फलक! योजनेचा नियम होता, दारावर फलक हवा. 'गुन्हेगारीप्रवण युवकांसाठी समुपदेशन व मार्गदर्शन केंद्र'. निळ्या पत्र्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं. बाईंनी वाचला. "ह्याच्याखालून आत कोण येईल? तू येशील?" दुसऱ्या दिवशी बघते तर फलक छपरावर. जिथं गळत होतं तिथं, अक्षरं आभाळाकडे करून, वर दोन दगड. "लावलाय की बाहेरच्या बाजूनं," म्हणाल्या. ऑफिसनं फलकाचा फोटो मागितला तेव्हा शिडी लावून मी छपरावर चढले. खाली पोरं शिट्ट्या मारत होती.

अहवालाचं तर विचारूच नका. 'राबवलेले उपक्रम' असा एक रकाना असायचा. बाई सांगणार, "लिही, मुलं बसली." पुढच्या महिन्यात? "मुलं बसली." मी रडकुंडीला यायचे. ऑफिसातून फोन यायचा, मॅडम, बसली म्हणजे काय केलं? मी म्हणायचे, अहो, बसलीच.

आकाशबद्दल सांगायला हवं. त्याची आई पंचवटीच्या बाजारात भाजीला बसायची. चौदाव्या वर्षी कुणाची तरी सायकल उचलली म्हणून तो आमच्याकडे आला तो राहिलाच. आयटीआयला वेल्डिंग शिकत होता. सातपूरच्या एका कारखान्यात त्याचं ॲप्रेंटिस म्हणून जवळजवळ ठरलं होतं. खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची, चहा तोच टाकायचा, आणि साखर मागायला बाईंसमोर उभा राहायचं धाडस फक्त त्याचं. "बाई, अजून एक चमचा टाका ना, लय फिका होतो." "साहेब, तुम्ही कमवायला लागा, मग गोड प्या." तो हसायचा. त्याला आपण साहेब आहोत ह्याचं कधीच हसू आवरायचं नाही.

तर त्या वर्षी योजनेचे पैसे पुन्हा मंजूर व्हायचे होते. पुढे सिंहस्थ, सगळ्या शहरात कॅमेरे लावायचं चाललेलं. योजनेच्या ऑफिसातल्या आमच्या साहेबांवरही वरून दबाव असणार. माणूस वाईट नव्हता. तरुण होता, थकलेला होता, दुपारचं जेवण त्याचं चार-चार वाजता व्हायचं. तो पाहणीला आला. सगळी पोरं बसलेली.

"बाई, मला मनापासून तुमच्यासाठी काही करायचंय," तो म्हणाला. "पण वर विचारतात, ह्या खोलीनं किती गुन्हे रोखले? मी काय सांगू?"

"जे झालंच नाही ते मोजायचं कसं रे बाळा?"

"तेच तर. कॅमेऱ्याचं दाखवता येतं. आधी एवढ्या चोऱ्या, नंतर एवढ्या. तुमचंही तसं काही द्या. खोली असताना काय, खोली नसताना काय. फरक दाखवा. फरक दाखवला तर मी स्वतः फाइल घेऊन वर जातो."

हे तो सगळ्यांसमोर बोलला. कॅरम थांबला होता. आकाश चहाचे कप हातात घेऊन उभा होता. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. ऑफिसची माणसं असंच बोलतात.

थोड्या दिवसांनी पत्र आलं, मंजुरी येईपर्यंत केंद्र बंद ठेवावं. विहाराच्या समितीनं कुलूप लावलं. बाईंनी ऐकलं असतं का? छे! त्या बाहेर, पायरीवर बसायला लागल्या आणि पोरं समोर ओट्यावर. पाऊस लागला तरी उठेनात. मी छत्री नेली, दोन शब्द ऐकले, परत आले. चौथ्या की पाचव्या दिवशी ताप भरला, न्यूमोनिया निघाला, आणि भाचीनं त्यांना दवाखान्यात घातलं. ओट्यावरची पोरं पांगली.

पुढच्या पंधरवड्यात वस्तीत आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. मोटारसायकलचे आरसे, रिक्षाच्या बॅटऱ्या, भाजीवाल्याचा वजनकाटा, एका मास्तरांची सायकल. रोज काहीतरी. बायका दारं लावून घ्यायला लागल्या. वर्षानुवर्षं असं काही झालं नव्हतं. पोलीस मागावर होते, आणि एका सकाळी त्यांनी नाल्याकडच्या पडक्या गोडाऊनमधून सगळा माल काढला. आमची पोरं निघाली. आकाश, आणि त्याच्यासोबत लहानगी चार.

सगळा माल जसाच्या तसा होता. काही विकलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि वर कागद चिकटवून मालकाचं नाव लिहिलेलं. बॅटरी कुणाची, आरसा कुणाचा. परत देताना चूक नको म्हणून.

हे मला लहान्यांतल्या एकानं सांगितलं. बाल न्याय मंडळासमोर उभं करून त्या चौघांना पालकांच्या ताब्यात दिलं, तेव्हा. नाक पुसत तो म्हणाला, "ताई, साहेब बोलले ना, खोली नसताना काय होतं ते दाखवा. आकाशभाऊ म्हणे, पंधरा दिवस करू, मग खोली उघडली का एका दिवसात समदं ज्याचं त्याला. नुसता फरक दाखवायचा होता. आम्ही कायीच घेणार नव्हतो."

शपथ सांगते, मला त्या क्षणी हसू फुटलं. आणि मग इतकं रडू आलं की त्या पोरानंच मला पाणी आणून दिलं.

आकाशला अठरा पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. त्याला मोठ्यांचा कायदा लागला. नाशिकरोडच्या जेलमध्ये गेला. जितके मालक तितके गुन्हे; एकात जामीन झाला की दुसऱ्यात ताब्यात. आणि ते नाव लिहिलेले कागद! पोलिसांच्या दृष्टीनं तोच मोठा पुरावा ठरला. कुणाकडे काय आहे ह्याची नोंद ठेवून, ठरवून काम करणारी टोळी. कारखान्यानं अर्थातच दुसरा मुलगा घेतला.

मी धावत साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, हे कुठं लिहून देऊ नका. केंद्रानं पैशासाठी मुलांना चोऱ्या करायला लावल्या, असा अर्थ निघेल. बाईंना आत घेतील." वकिलाचंही तेच. खरं बोललात तर तो कट होईल, गप्प राहा, साध्या चोरीत लवकर सुटेल. झालं. आम्ही गप्प राहिलो.

बाई दवाखान्यातून आल्या त्या निम्म्या होऊन. मी त्यांना सगळं सांगितलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "साहेबांना चहा कोण देतं गं तिथं?"

पैसे कॅमेऱ्यांना गेले. आपल्याच केंद्रातली पोरं चोर निघाल्यावर कोण विचारतंय? आमच्या खोलीत पडदे लावले, टेबल मांडलं, भिंतीवर मोठा स्क्रीन आला. वस्तीतल्या गल्ल्या त्यावर चौकोन-चौकोन होऊन दिसायच्या. काही महिन्यांनी तिथंच एक छोटा कार्यक्रम ठेवला होता, ज्येष्ठ नागरिकांना बोलावलं होतं. मी नको नको म्हणत असताना बाई गेल्या. मीही मागोमाग गेले.

साहेबांनी स्क्रीनवर एक आलेख दाखवला. उभ्या काड्या. सुरुवातीच्या सगळ्या ठेंगण्या, नसल्यासारख्या. मग एक ताडमाड उंच. मग कॅमेरे बसले, आणि तिथून पुढं सगळं सपाट. "हा फरक," तो म्हणाला. टाळ्या वाजल्या. बोलताना त्यानं आमच्या बाजूला एकदाही बघितलं नाही.

बाई खुर्चीवरूनच बोलल्या, आवाज न चढवता. "बाळा, त्या उंच काडीचं नाव आकाश आहे."

लोकांना काही कळलं नाही. म्हातारी आजारातून उठलीय, असं कुणीतरी शेजारी कुजबुजलं. साहेबाला कळलं. त्यानं पुढचा आलेख लावला.

त्यानंतर बाईंचं एकच काम उरलं. आकाशच्या तारखा. कोर्टाच्या आवारात पोलिसांची गाडी यायची त्या बाजूला जाऊन उभ्या राहायच्या. आत नेताना-आणताना दोन शब्द बोलू द्यायचे पोलीस; बाईंना आता कोण अडवणार? आकाश पहिल्यापेक्षा वाळला होता, केस बारीक कापले होते. आईला बाजार सोडून येता यायचं नाही, तिचं विचारायचा, आयटीआयचं विचारायचा. खोलीचं विचारायला बहुतेक त्याला भीती वाटत असावी. त्या कार्यक्रमानंतरच्या तारखेला मात्र त्यानं विचारलं. पोलिसानं दंड धरलेला, तो मान वळवून म्हणाला, "बाई, चालू झाली का हो खोली?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"झाली की साहेब. केव्हाच झाली. रोज पोरं बसतात."

त्या पोराचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवेना. "म्हटलं नव्हतं का!" तो म्हणाला. "साहेबांनी शब्द पाळला ना?"

"पाळला," बाई म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. असं कसं सांगितलंत, सुटून आला की काय बघणार आहे तो, तिथं कॅमेऱ्याचं ऑफिस आहे. त्या रिक्षाची वाट बघत होत्या. म्हणाल्या, "सुटेल तेव्हा मला शिव्या देईल. देऊ दे. पण आत बसलाय तोवर कशासाठी बसलाय ते तरी त्याच्याजवळ राहू दे." मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

ह्या हिवाळ्यात त्यांचा खोकला पुन्हा वाढला. दवाखान्यात जायला तयार नव्हत्या, आणि ह्या खेपेला भाचीनं न्यायच्या आधीच गेल्या. मयताला पोरं आली होती. एकही जवळ येऊन बोललं नाही. लांब ओट्यावर ओळीनं बसून राहिली, सगळं आटोपेपर्यंत.

मी आता एका विम्याच्या ऑफिसात आहे. नोकरी ठीक आहे. गेल्या आठवड्यात आकाशची तारीख होती, शेवटच्या गुन्ह्यातली. अर्धी रजा टाकून गेले. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. बाई गेल्या, खोली नाही, सगळं. रस्ताभर वाक्यं जुळवत होते.

गाडी उशिरा आली. उन्हं कलली होती. त्यानं मला बघितलं, माझ्या मागं बघितलं, आजूबाजूला बघितलं.

"ताई, बाई नाय आल्या?"

मी तोंड उघडलं.

"संध्याकाळ व्हायला आली ना रे," मी म्हटलं. "खोली उघडायला गेल्यात."

"हां, बरोबर," तो म्हणाला. "पोरं आली असतील."